सात नंबरची काच

काच शाबूत होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, भिंतीतल्या फटीवर आडवी बसवलेली, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे — भिंत केसभर सरकली तरी तडकायचीच, आणि तडकली नव्हती. मे महिन्याच्या उन्हात निर्लज्जासारखी चमकत होती. चेतनाने छिन्नी तिच्या कडेला टेकवली, पण हातोडी हातातच राहिली. तीन पावसाळ्यांत एकदा तरी फुटायचंस ना, भवाने!

सॅकमध्ये सकाळचा कागद होता. ‘तीन हंगामांत हालचाल निरंक. सबब पुढील निधीची आवश्यकता दिसत नाही. साहित्य काढून जमा करावे.’ सबब! घाटकोपरचा हा डोंगर, त्याला अडवून धरलेली ही जुनी भिंत, भिंतीखाली चारशे घरं आणि त्यातलं पहिलं तिच्या आईचं — आणि दिल्लीत कुणीतरी गार खोलीत बसून एका ओळीत... चंद्रप्रकाश सर, तिचे साहेब, कागद देताना वर बघत नव्हते. “शून्यावर पैसे कोण देतं, चेतना? काही हललं असतं तर मी भांडलो असतो.” म्हणजे चार माणसं गाडली गेली असती तर यांना कंठ फुटला असता. डोंबल तुमचं भांडण! देशाचं भूविज्ञान खातं म्हणे. डोंगराच्या पोटात बसवायची यंत्रं मागितली होती. मिळाल्या काय, तर काचेच्या चौदा पट्ट्या. आणि दुसऱ्या वर्षी जाण्यायेण्याचा भत्तासुद्धा कापला. “फोनवर घे ना रीडिंग. लोक सांगतील. काच फुटलीय की नाही, त्याला काय इंजिनिअर लागतो?”

मग मी फोनवर घेत गेले. कंत्राटावरची पोरगी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद — मी काय साहेबाला नाही म्हणणार? दर पंधरवड्याला चौदा फोन, सगळ्यात शेवटी सात नंबर, कारण तो आईच्याच घरामागे. “आई, काच?” “आहे गं, शाबूत आहे. जेवलीस का तू?” आणि मी लिहायचे, शून्य. तक्त्याखाली छापलेलंच असायचं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली’, आणि त्याखाली माझी सही... मालाडहून, सासरहून, रविवारी यायचे तेव्हा मोरीच्या खिडकीतून काच चमकताना दिसायचीच की. मागच्या बोळात कोण शिरणार? रविवारी मी खात्याची नसायचे, लेक असायचे.

तिने ओढणीने काचेवरची धूळ पुसली. काढण्याआधी नंबर तरी बघावा म्हणून. बसवताना प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात तिने स्वतः कोरला होता, नंबर आणि तारीख, बोटं सोलवटून निघेपर्यंत. डाव्या कोपऱ्यात काही नव्हतं. उजव्यातही नव्हतं. काच पातळ होती, कडा हिरवट, आणि टोकाचे सिमेंटचे गोळे — ते तिचे नव्हतेच, त्यांवर बोटांचे ठसे होते, भाकरीवर असतात तसे. काचेखालची फट कुणीतरी सिमेंटने लिंपून वर चुना फासला होता. आणि त्या चुन्यालाही नवी भेग पडली होती; एका टोकाचा गोळा भिंतीपासून सुटला होता, म्हणून काच तेवढी वाचली होती.

“आई!”

सोनूबाई पदराला हात पुसत बोळाच्या तोंडाशी आली. लेकीच्या हातातली हातोडी तिने पाहिली, मग काच पाहिली.

“ही काच कुणी लावली?”

“मी.”

“कधी?”

“ही? ही दिवाळीच्या आधी.” पदराला पुन्हा हात पुसत ती म्हणाली, “त्याच्या आधी दोन फुटल्या होत्या.”

“आणि तू मला शाबूत म्हणून सांगत होतीस?”

“शाबूतच होती. लावल्यावरच सांगत होते ना मी.” सोनूबाईचा आवाज चढला. “तूच म्हणालीस, काच फुटली की नोटीस येणार. नोटीस आली की उचलून मानखुर्दच्या सरकारी इमारतीत टाकतात. सातव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझे गुडघे बघितलेस? तुझ्या बापाने पाण्याचा हंडा खांद्यावर आणून एकेक वीट चढवलीय इथे. आणि मी काय एकटी आहे का? वरच्या आळीतल्या सगळ्या बायका नाक्यावरच्या त्याच फोटोफ्रेमवाल्याकडून पट्ट्या कापून आणतात.”

सगळ्या. चौदाच्या चौदा. चेतना मोरीच्या दारातून घरात घुसली, उगीचच, काहीतरी आपटायला मिळावं म्हणून, आणि भिंतीवर तिला बाबांचा फोटो दिसला. रतनबाबा, कडक इस्त्रीच्या शर्टातले — वर काच नव्हती. दुधाच्या पिशवीसारखं प्लास्टिक ताणून बसवलं होतं. दोन वर्षं ती या फोटोसमोर मेणबत्ती लावत होती आणि तिला दिसलं नव्हतं. काय बघतेस गं तू, पगार कशाचा घेतेस?

“वाट लावलीस आई, सगळ्यांची वाट लावलीस! शून्य आलं म्हणून पैसे बंद केले त्यांनी, कळतंय का तुला? आता डोंगर खाली आला तरी सांगायला कुणी नाही!” ती ओरडत होती आणि ओरडता ओरडता तिला ऐकू येत होतं, शून्य आईने नव्हतं लिहिलं. सरांना फोन करावा. काय सांगावं? सर, शून्य नव्हतं? मग पाहणी कुणी केली, विचारतील. सही कुणाची? आणि माझी नोकरी गेल्यावर हे खरं कोण ऐकणार, आणि ऐकलं तर पहिली नोटीस याच दाराला...

सोनूबाईने गादीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उलगडलं. काचेच्या दोन नव्या, कोऱ्या पट्ट्या होत्या.

“पैसे नाहीत म्हणतेस ना त्यांच्याकडे,” ती हळूच म्हणाली. “मग या घेऊन जा. दे त्यांना.”

चेतनाला हसू आलं की रडू, कळलं नाही. पण सकाळपासून तोंडाशी आलेल्या शिव्या कुणाला घालायच्या तेच सुचेना. त्या कागदाला, सरांना, या म्हातारीला... जो तो म्हणणार, तूच तर लिहिलंस. ती परत बोळात आली. छिन्नीच्या टोकाने फटीतलं लिंपण उकरलं. ते सहज सुटलं, खपलीसारखं. पहिल्या वर्षी या फटीत नखही जात नव्हतं. आता तिने करंगळी घातली आणि ती मुळापर्यंत आत गेली.

आत गार होतं. बाहेर पाठ भाजत होती आणि बोटाला मात्र आतून गार, ओलसर वारा लागत होता. मागे आई म्हणत होती, चहा टाकते, आत ये. चेतनाने बोट काढलं नाही.