डुक्करपाल जेबेझ थ्रॉल

वकील जेबेझ थ्रॉल यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या. राज्याचे कायदे लिहिले, आणि ते लिहिल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी शेजारच्या विधवा हल्डाशी लग्न केलं. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणजे काय, हे त्यांच्या संधिवाताच्या गुडघ्यांना तेव्हा कळलं.

मार्चची गावसभा प्रार्थनाघरात भरली होती. जेबेझना शेवटचं एकदा बोस्टनच्या विधिमंडळात जायचं होतं. भाषण महिनाभर घोकून तयार होतं, टाळ्यांसाठी थांबायच्या जागांसकट. पण आधी गावची किरकोळ पदं भरायची रीत. पिंपं बनवणारा सायलस पॅक उठला.

"यंदाचे डुक्करपाल, आपले वकीलसाहेब!"

सभा खो खो हसली. वर्षभरात बोहल्यावर चढलेल्याच्या गळ्यात हे पद मारायचं, ही गावची जुनी थट्टा. त्याने मोकाट डुकरं धरायची, त्यांच्या नाकात कडी घालायची, कोंडवाड्यात न्यायची. एरवी जेबेझही हसले असते. पण गावाचं पद असलेल्याला विधिमंडळात जाता येणार नाही, हा नियम त्यांनीच लिहिला होता, एका प्रतिस्पर्ध्याचा पत्ता कापायला. आणि सभेने दिलेलं पद नाकारायची सोय नव्हती. भाषाही काय सुबक वापरली होती!

पळवाट मात्र होती. लग्नाआधी तीन रविवार प्रार्थनाघरात त्या लग्नाची घोषणा व्हावी लागते. त्यांच्या घाईत दोनच झाल्या होत्या. म्हणजे लग्नच कच्चं, मग कुठला नवरदेव आणि कुठला डुक्करपाल! मुद्दा इतका देखणा होता की जेबेझना स्वतःचाच हेवा वाटला. ते उठले.

"मंडळी, मुळात माझं लग्न..."

दारात हल्डा उभी होती. त्यांच्या पायांसाठी निखाऱ्यांची पेटी घेऊन ती चिखल तुडवत आली होती.

"अहो, आधी पाय शेका," ती म्हणाली, "मग बोला हवं तेवढं."

जेबेझना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुळात माझं लग्न," ते म्हणाले, "चांगलं पक्कं झालंय. आणा त्या कड्या इकडे!"

विधिमंडळावर सायलस निवडून आला. त्याच्याकडे भाषण नव्हतं, म्हणून जेबेझनी आपलं दिलं. थांबायच्या जागाही दाखवल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी पाद्रीबाबांना गळ घालून राहिलेली तिसरी घोषणा वाचायला लावली. लग्न होऊन सहा महिने झालेल्या नवऱ्याची घोषणा ऐकून गाव पुन्हा पोट धरून हसलं. हल्डा हसली नाही. तिने बाकाखाली त्यांचा हात घट्ट धरला.

"मीसुद्धा दोनच मोजल्या होत्या," ती म्हणाली.