सायकलीची खांदशेकणी

अश्विनीच्या सायकलीला घंटी नव्हती, कॅरियर नव्हतं, मडगार्ड नव्हतं, स्टँडही नव्हतं. एवढं सगळं काढून घेतलं की सायकल भारी किमतीची होते, हे तिनं वडिलांना, म्हणजे उद्धवरावांना, दोनदा समजावलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण मान हलवली होती. भैंसा गावच्या जिनिंगवर मिळेल त्या भावानं कापूस घालता घालता न पटताच मान हलवायची त्यांना सवय झाली होती.

ती ज्या शर्यतीत उतरणार होती, तिचा प्रकारही तसलाच. एंड्युरो म्हणतात त्याला. डोंगर चढायचा, पण चढायला किती वेळ लागला ते कोणी बघत नाही. उतरायचं, त्याचा मात्र सेकंदासेकंदाचा हिशेब.

"मंग चढाची मेहनत फुकटच गेली म्हना," उद्धवराव म्हणाले.

"फुकट काऊन? चढल्याबिगर उतरता येते का, बाबा?"

"नाय येत. पन वर जाऊन बसून राह्यलं त काय बिघडते?"

"अवो, पोरीले काऊन टोकून राह्यले तुमी?" अश्विनीची आई, विमलबाई, चुलीपासून ओरडल्या. "पडली त तुमचंच नाव घेईन मी."

अश्विनी एकोणतीस वर्षांची. आदिलाबादला शाळेत खेळ शिकवायची. ही तिची पहिलीच शर्यत. हैदराबादच्या मंडळींनी गुडीहत्नूरच्या पुढच्या डोंगरात वाट आखली होती. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. तीन महिने तिनं सुटीचा एकही दिवस घरात काढला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं एकेक नट आवळला, टायरची हवा पाहिली आणि सायकल ओसरीत टेकवून ती अंघोळीला गेली. उद्धवराव सायकलीजवळ आले. बैल विकून त्यांना चार वर्षं झाली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, ती खांदशेकणी हातातून गेली नव्हती. चोळायला खांदा उरला नव्हता, इतकंच. शिवाय अंगणात थांबताना सायकलीचं पुढचं चाक केकाटलेलं त्यांनी ऐकलं होतं. चाक केकाटलं की त्याला काहीतरी पाजायचं, हे गाडीवानाला शिकवावं लागत नाही.

दोन्ही चाकांच्या मधोमध भोकाभोकांची एकेक चकचकीत तबकडी होती. उद्धवरावांनी वाटीत घरचं तूप घेतलं, चिमूटभर हळद कालवली आणि दोन्ही तबकड्या मायेनं, आतून-बाहेरून चोळल्या. विमलबाईंनी तुपाबद्दल विचारलं असतं, म्हणून वाटी स्वतःच घासून ठेवली.

शनिवारी पहाटे सायकल टेम्पोत चढली. डोंगराच्या पायथ्याशी उतरल्याबरोबर अश्विनी ती ढकलत वर निघून गेली. उद्धवराव मेकॅनिकच्या तंबूत जाऊन बसले. मेकॅनिक अमर नांदेडचा. हातमोजे घालून कोणाच्या तरी सायकलीची तसलीच तबकडी पुसत होता.

"मोजे काऊन घातले?"

"ही ब्रेकची डिस्क आहे, काका. हिला बोटाचा तेलकटपणा लागला तरी ब्रेक धरत नाही."

"बोटाचा?"

"बोटाचा."

उद्धवरावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "आन तुपाचा?"

अमर हसला. मग त्यानं उद्धवरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. "कोणाच्या सायकलीला?"

"पोरीच्या. दोनी चाकाले."

अमरनं फोन लावला, रेंज नव्हती. वायरलेसवर हाक मारली, वरून नुसती खरखर आली. "मी सामान घेऊन येतो," म्हणून तो वळेपर्यंत उद्धवराव वाटेला लागलेही होते.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, चपला घालून, सागाच्या वाळल्या पानांवरून घसरत ते जसे चढले, तसं सकाळपासून कोणी चढलं नव्हतं. वरून काही आवाज येतो का, म्हणून दर वळणावर थांबायचे. आवाज आला तर वाईट वाटायचं, नाही आला तर जास्त वाईट.

माथ्याच्या थोडं खाली, घाणेरीच्या झुडपाजवळ, सायकल उलटी पडली होती. चाकं वर. उद्धवरावांचे पाय जागीच थांबले.

"बाबा? तुमी इथं काऊन?"

अश्विनी सायकलीमागून उठली. तिनंच ती उलटी ठेवली होती. हातात फडकं होतं, कोपर खरचटलेलं.

"उतरू नको," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"उतरूनच त पाहून राह्यली होती. ब्रेक दाबला, सायकल थांबाले तयार नाय. दिली मंग झुडपात घालून. आन डोंगरभर पुरनपोळीचा वास!"

"म्याच लावलं."

"हळद दिसली तवाच समजलं. हैदराबादवाले हळद नाय लावत."

"खांदशेकणी केली, बाई. जुपायच्या आधी."

अश्विनीनं वडिलांकडे पाहिलं. रागवायचं तिनं ठरवलं असावं, पण ते जमत नव्हतं. "बाबा, हा खांदा नाय. हा कासरा हाये, बैल थांबवाचा. कासऱ्याले तूप लावता का तुमी?"

उद्धवरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. चाळीस वर्षं बैल हाकले होते. "नाय," ते म्हणाले. "हातातून सटकंन."

"मंग?"

तेवढ्यात अमर धापा टाकत पोचला. त्यानं तूप प्यालेले ब्रेकचे पॅड काढून नवे बसवले, डिस्का स्पिरिटनं पुसल्या आणि नवे ब्रेक रुळावेत म्हणून तिला छोट्या उतारावर वीसेक वेळा थांबायला लावलं. शेवटच्या वेळी मागचं चाक जागच्या जागी जखडलं.

"आता जा," अमर म्हणाला.

ती गेली. सागाच्या खोडांमधून तिचं लाल हेल्मेट दिसायचं, वळणाला थबकायचं, पुन्हा निघायचं. उद्धवराव हेल्मेट नाही, ते थबकणं मोजत होते. सहावं झालं आणि खाली तंबूपाशी हेल्मेट डोक्यावरून निघालं. तिनं हात वर केला.

उद्धवराव तिथल्या दगडावर बसले.

"काका, उतरायचं का?" अमरनं विचारलं.

"थांब बाप्पा, जराक वर बसून राह्यलं त काय बिघडते?" ते म्हणाले आणि चपलेत रुतलेला काटा अगदी सावकाश काढायला लागले.