तुळशीची तपासणी

तुळशी आणि तिचा नवरा दयाराम गोळ्या आणायला एचआयव्हीच्या केंद्रात जोडीनंच जात. दयाराम न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. आजार आधी त्याला निघाला, मग तिला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती. गोळी चुकत नव्हती, तब्येत चांगली होती, भीतीही अंगवळणी पडली होती.

गणपती झाले आणि तुळशीला पाळी नसतानाही रक्त जायला लागलं. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. केंद्रात ओळख झालेली शकू असंच अंगावर काढत राहिली आणि कॅन्सरनं गेली होती. तुळशी कपडे चोरून धुवायची. लेकीनं हाक मारली तरी दचकायची.

शेवटी केंद्रातल्या सुचिताताईंनीच विचारलं, "चेहरा का उतरलाय? काय होतंय?"

दयाराम शेजारीच होता. तुळशी मान खाली घालून म्हणाली, "रक्त जातंय. थांबतच न्हाय."

त्याच दिवशी तपासणी झाली. आतला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत तिला घास गिळवेना.

"गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण लहान आहे. पसरलेला नाही."

"मंग एवढ्या गोळ्या खाल्ल्या त्या फुकट गेल्या?" तुळशीनं विचारलं.

"नाही हो. गोळ्यांमुळंच तुमची ताकद टिकलीय. हा कॅन्सर दुसऱ्या विषाणूमुळं होतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना त्याचा धोका जास्त, म्हणून तर तपासणीला बोलावतो."

बाहेर बाकावर बसल्यावर दयाराम म्हणाला, "ह्ये पन माझ्यामुळंच झालं तुला."

तिच्याही मनात तेच आलं होतं.

"त्ये मागनं बोलू," ती म्हणाली. "आता हितंच बस. मला लय भ्या वाटतंय."

मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन करून गर्भपिशवी काढली. ऑपरेशनला नेताना तिनं दयारामचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नर्सला बोटं सोडवावी लागली. पुढं रिपोर्ट चांगला आला. आता दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं होतं.

पहिल्या फेरीला ती पिशवी छातीशी धरून बसली. दयारामनं तिला धीर दिला नाही. "मलाबी भ्या वाटतंय," तो म्हणाला, आणि तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

त्या फेरीला काही निघालं नाही. घरी येऊन तुळशी पोटभर जेवली. पुढच्या फेरीची तारीख मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हती.