मासळीच्या वारी अख्खी

भीमाबाईला अक्षर येत नव्हतं, पण वार येत होते. चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकलेल्या बाईला ते कुणी शिकवावे लागत नाहीत. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं, बाकीचे चार दिवस टोपलीवर तुटून पडतं.

म्हणून माघात नवऱ्याच्या, काळूरामच्या, हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टरांनी चार दिवस अख्खी, तीन दिवस अर्धी अशी लिहून दिली, तेव्हा तिला हसूच आलं. अर्धीचे वार नेमके सोमवार, गुरुवार, शनिवार होते. सून रोशनी कागद फ्रिजवर चिकटवायला निघाली, तर सासूने हात धरला.

"मावऱ्याच्या वारी अख्खी, उपासाच्या वारी अर्धी. त्यात कागूद कशाला?"

रोशनीने सात खणांची डबीही आणून पाहिली. म्हातारीने तीत लवंगा आणि वेलदोडे भरले. पण हट्टी म्हणा, काही म्हणा, सहा महिन्यांत तिचा एक दिवस चुकला नाही. महिन्याला रक्त तपासायचं, रिपोर्ट चांगला यायचा, आणि भीमाबाई विचुंब्यातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ताठ मानेने फिरायची.

मग श्रावण लागला. ऑपरेशनच्या वेळी तिने नवस बोलला होता, की हा माणूस घरी परत आला तर श्रावणभर घरात मासळी शिजणार नाही. बोलली तशी वागली. पहिल्या दिवसापासून वालाचं बिरडं, भेंडी, शिराळं. काळूराम कुरकुरला, पण बायकोपुढे त्याचं काय चालणार?

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, जेवताना त्याच्या हातातला घास ताटात पडला. तो काहीतरी बोलायला गेला आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. मुलगा भावेश घरीच होता म्हणून नशीब. त्याने बापाला उचलून गाडीत घातलं आणि अर्ध्या तासात तिघं पळस्प्याकडच्या एका हॉस्पिटलात पोचले. काळूरामला आत नेलं. दाराबाहेर भीमाबाई देवाचं नाव घेत उभी राहिली.

नर्स वही घेऊन बाहेर आली. "रक्त पातळ करायची गोळी नियमित चालू होती?"

"एक दिवस चुकला नाय," भावेश म्हणाला. "आई सोता देते."

"आज शुक्रवार. म्हणजे आज सकाळी अख्खी दिली?"

"हो, अख्खीच," भावेशच म्हणाला.

भीमाबाई मान डोलावणार, तोच तिला सकाळची सुरी आठवली. ओट्यावर गोळी ठेवून तिने ती मधोमध कापली होती. श्रावण ना! आज कुठली मासळी? परवाही कापली होती, त्याच्या आदल्या दिवशीही. बुधवार काय नि रविवार काय, घरात मासळी नाही म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे अर्धी. पंधरा दिवस तिने अर्धीच दिली होती.

ज्याच्यासाठी नवस केला, त्याच्याच जिवावर तो नवस उठला होता, आणि हात तिचा होता. सांगावं तर मुलगा आयुष्यभर तोंड बघणार नाही, न सांगावं तर आतला माणूस जातो. नर्स वळली. त्या दोन पावलांत भीमाबाईच्या मनात खरोखर आलं, की गप्प बसावं. तिला स्वतःची किळस आली. तिने नर्सची बाही घट्ट धरली.

"बाय, थांब. अख्खी नाय, अर्धी दिली. श्रावण लागल्यापासून रोज अर्धीच."

नर्स पळत आत गेली आणि डॉक्टर स्वतः दारात आले.

"नक्की? पंधरा दिवस?"

"नक्की. माझ्या हातानं कापली."

"मग मेंदूत गुठळी गेली असणार. सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर रक्त पातळ आहे समजून आम्ही गुठळी विरघळवायचं इंजेक्शन टाळलं असतं. स्कॅन आणि रक्ताचा रिपोर्ट येतोय, तोवर आम्ही इंजेक्शनची तयारी करतो. पण मी शब्द देत नाही."

दार बंद झालं. भावेश भिंतीला टेकला.

"आये, एकदा रोशनीला इचारायचं व्हतंस गं."

"इचारलं असतं तर गोली तिच्या हाती गेली असती." भीमाबाईला रडू आवरेना. "चूल तिची, घर तुमचं. माज्या हाती तेवढी एक गोलीच व्हती रं."

आत डॉक्टर मोठ्याने विचारत होते, "आजोबा, नाव काय तुमचं? नाव सांगा." उत्तर आलं नाही. त्यांनी परत विचारलं. बाहेर दोघं दाराला कान लावून होते. आत नुसतं मशीन वाजत होतं.

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता तिने दोन्ही तळवे त्या दारावर ठेवले.

"कालूराम," ती ओरडली. "सांगा त्यांना, कालूराम!"