पहिल्या झाडाचं पान

मित्रांनो, मी मोसंबीचं एक जुनं पान आहे. तीर्थपुरीजवळच्या एका बागेत, आखाड्यासमोरच्या अगदी पहिल्या झाडावर राहते. आखाडा म्हणजे शेतातलं राहतं घर, कुस्तीचा नव्हे.

फुटले तेव्हा मी पोपटी आणि नाजूक होते. मग अंगात हरितद्रव्य भरलं आणि गडद झाले. माझं काम साधं. मुळांनी पाठवलेलं पाणी शिरांतून यायचं, खालच्या अंगाच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, हवा यायची आणि वरून ऊन. त्यांची साखर करून झाडाला द्यायची, प्राणवायू बाहेर सोडायचा. पाहुणे आले की बागेचे मालक कडूबा मलाच कौतुकानं दाखवायचे.

एप्रिलात कडूबांनी बागेचं पाणी तोडलं. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलं, पानं पिवळी पडून थोडी गळली, की पाणी सोडायचं. मग फुलं एकदम येतात. पद्धत जुनी आहे, चुकीची नाही. फक्त पाणी सोडायची वेळ पानं बघूनच ठरते.

तहान लागली की आम्ही पर्णरंध्रं मिटून घेतो. पाणी वाचतं, पण हवाही येत नाही आणि काम थांबतं. ऊन मात्र पडतच राहतं. हळूहळू हिरवा रंग विरतो आणि त्याखाली पहिल्यापासून झाकलेला पिवळा दिसू लागतो. सगळ्या बागेचं तसं झालं, माझं झालं नाही. कडूबांच्या बायकोला, बेबीनंदाबाईंना, माझं कोमेजू लागलेलं अंग बघवेना. रोज दुपारी भांडी घासली की त्या उरलेलं पाणी नवऱ्याच्या नकळत आमच्या बुडाशी ओतायच्या. मला ते गोड लागायचं.

कडूबांचा गुडघा धरला होता. ते बाजेवर बसूनच माझ्याकडे बघायचे, अजून ताण बसला नाही म्हणायचे आणि पाणी पुढे ढकलायचे. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. पण हे शीत वेगळ्याच भांड्यात शिजत होतं. मागच्या ओळी मुरमाड जमिनीत होत्या. तिथली पानं गळली, मग फांद्या वाळल्या. मला सगळं दिसत होतं, पण पानाला हाक मारता येत नाही.

एके दिवशी बेबीनंदाबाई सरपण आणायला मागे गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

"ह्या झाडाला म्या पाणी घालून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "मागचे झाडं गेलेत, ओ."

कडूबा बाजेवरून उठले. मग म्हणाले, "तू एकाला तरी घातलं. म्या तर उठून पाह्यलं बी न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांनी पाणी सोडलं. मधल्या ओळी फुलांनी भरल्या. मागच्या ओळी तोडाव्या लागल्या. माझी पर्णरंध्रं उघडीच होती. मला आनंद व्हायला हवा होता, दुःखही व्हायला हवं होतं. दोन्ही होत नाही. ऊन येतं, मी साखर करते.

कडूबा आता रोज सकाळी काठी टेकत बागेच्या टोकापर्यंत जातात. तिथे बघायला काही उरलेलं नाही, तरी जातात.

म्हणून सांगते, मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची तर दारातल्याला बघून परतू नका. पाय दुखले तरी शेवटच्यापर्यंत जा, आणि तो हिरवा असतानाच जा.