वर्नाचं मत

वर्ना स्ट्राउड लहानपणापासून हरणांच्या शिकारीला जायची. बंदुकांवर बंधनं नकोत म्हणणाऱ्या पक्षातर्फेच ती राज्याच्या विधानसभेत निवडून आली होती. तरीही, घरच्यांना जिवे मारण्याची धमकी देणाऱ्याच्या बंदुका न्यायाधीशाच्या हुकमाने काढून घेता याव्यात, या कायद्याला तिने मत दिलं आणि कायदा काठावर पास झाला.

अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरातल्या तिच्या गावात लगेच पक्षाची बैठक भरली.

"चुकून झालं म्हण आणि विषय संपव," अध्यक्ष ड्वेन म्हणाला. "पुढच्या वेळीही आम्ही तुझ्याच मागे."

"चुकून नाही झालं."

"आज त्याच्या बंदुका नेतील, उद्या तुझ्यामाझ्या," क्लाइड मागून म्हणाला. "तू पलीकडच्यांना विकली गेलीस."

वर्ना त्याच्याकडे वळली. "जोलीनच्या शवपेटीला तूही खांदा दिलास, क्लाइड. नवरा बंदूक रोखतो, हे तिने शेरीफला आधीच सांगितलं होतं. शेरीफ म्हणाला, त्याची बंदूक काढून घेणं कायद्यात बसत नाही. आता बसतं."

क्लाइडने मान खाली घातली, पण मतदानात हात तिच्याविरुद्धच वर केला. पक्षाने तिला काढलं. पुढच्या निवडणुकीत ती अपक्ष उभी राहिली आणि सपाटून हरली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या हॉटेलात नेहमीच्याच टेबलावर जाऊन बसली. ड्वेनने शेजारून विचारलं, "काय मिळवलंस एवढं करून?"

"कायदा आहे ना जागेवर," वर्ना म्हणाली आणि तिने अंडी मागवली.