जटेत अडकलेला माझा दात

मित्रांनो, मला हातात घ्यायचं असेल तर आधी हात धुऊन या. हसू नका, आत्ता तुम्ही भेळ खात होतात ते मी पाहिलं आहे. तेलाची बोटं मला चालतात, तेलातच माझा जन्म गेला. चिंचेच्या चटणीची बोटं मात्र नकोत. मी शिसवी लाकडाची एक म्हातारी फणी आहे. माझ्या एका कडेला मोठे, विरळ दात आहेत आणि दुसऱ्या कडेला बारीक, दाट. मोठ्यांपैकी एक दात तुटलेला आहे. तो तुटला कसा आणि नंतर अख्खी चाळ त्याच्या पाया कशी पडली, तेच सांगायला बसले आहे. ऐकताना शिसारी आली तर येऊ द्या. मला अजून येते.

माझा जन्म कराडच्या बाजारात एका कारागिराच्या ओट्यावर झाला. लहानशा करवतीने त्याने माझा एकेक दात कापला, घासला आणि मला चार दिवस तेलात बुडवून ठेवलं. मग प्रत्येक दात तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचा. जरा टोचला की पुन्हा घासायचा. गोदूबाईच्या आईने मला तिच्या लग्नात तिच्या ट्रंकेत घातलं आणि त्या ट्रंकेतून मी ठाकुर्लीला आले. पॉवर हाऊसजवळच्या चाळीत एक खोली होती. गोदूबाईचे यजमान गुणाजी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला जात. ते गेले, भांडी झाली, की गोदूबाई मला घेऊन दारात बसायची.

काय केस होते हो तिचे! मोकळे सोडले की गुडघ्याला लागायचे. आणि तिला विंचरायची अक्कल होती, जी शंभरात दोघींना असते. ती कधी टाळूवरून मला खाली ओढत आली नाही. आधी शेंडे. केस मुठीत घट्ट धरायचे, खालची वीतभर मोकळी करायची, मग मूठ जरा वर. तेलसुद्धा तसंच. टाळूवर तेल सगळेच थापतात, शेंड्यांना कोणी विचारत नाही. गोदूबाई मात्र शेवटचे दोन थेंब तळहातावर चोळून शेंड्यांना लावायची. मित्रांनो, शेंडा हा केसाचा सगळ्यात म्हातारा भाग असतो. एवढ्या लांब केसाचा शेंडा सात-आठ वर्षांचा, म्हणजे तुमच्यातल्या काहींच्या वयाचा. इतकी वर्षं ऊन, धूळ, साबण सोसलेला तो शेंडा कोरडा पडतो आणि फुटून त्याची दोन तोंडं होतात. म्हणून ती चार महिन्यांनी दोन बोटं शेंडे कापायची. पन्नाशीनंतर केस पांढरे, राठ झाले, तरी तिच्या वेणीचा शेंडा मऊ होता.

चाळीत माझं नाव झालं. "गोदूबाईची फणी" म्हणून बायका मला उसनी न्यायच्या आणि माझे हाल व्हायचे. शी! कोणाचा कोंडा, कोणाच्या उवा, कोणाचं आठवड्याचं शिळं तेल. एकीने तर माझ्या दातांनी पापड टोचले. विंचरून झालं की केसांचा गोळा तसाच माझ्यात ठेवून मला परत करायच्या, वर म्हणायच्या, "छान आहे हो फणी." गोदूबाई तोंडाने काही बोलायची नाही, रिठ्याच्या पाण्यात मला घालायची आणि जुन्या ब्रशने दात न् दात घासायची. तेवढ्यासाठी मी सगळं सोसलं.

मग १९८८ साली, गणपती गेल्यावर, गोदूबाईला टायफॉइड झाला. महिनाभर ती अंथरुणाला खिळली. सून शेवंती नवी होती, घाबरट होती. कोणीतरी तिला सांगितलं, आजाऱ्याचे केस विंचरू नयेत, ताप डोक्यात जातो. तिने त्या केसांचा अंबाडा केला, नाडीने आवळला आणि वरून थंडावा म्हणून वाटीवाटी तेल ओतलं. त्यात घाम. त्यात मेणचटलेली उशी. महिन्याने नाडी सोडली तर केस खाली आलेच नाहीत. मानेपाशी नारळाएवढा गोळा झाला होता. तेल निघेना म्हणून शेवंतीने तो धुण्याच्या साबणाने धुतला आणि उरलासुरला केसही त्यात आवळून बसला.

त्यानंतर तिने मला उचललं, टाळूवर ठेवलं आणि जोर लावून खाली ओढलं. अगं बाई, आधी शेंड्यापासून सुरू कर! मी ओरडले असते, पण फणीला आवाज कुठला? कट्‌कन आवाज झाला. माझा दात तुटून त्या गोळ्यात रुतला, गोदूबाई कळवळली आणि शेवंतीने भीतीने मला पदराखाली लपवलं. दात तुटल्याचं ती कोणाला बोलली नाही.

दोन खोल्या सोडून हौसाबाई राहायची. तिच्या डोक्यात अठरा वर्षांची जट होती, पदराखाली वेटोळं करून ठेवलेली. त्या जटेमुळे चाळीत तिचा शब्द चालायचा. ती आली, गोळा चाचपला आणि तिची बोटं थांबली.

"आई आलीया! गोदे, ही जट हाय. आत काय तरी टणक लागतंय. आईनं तुला टाक धाडलाय!"

टाक म्हणजे देवघरात पुजतात तो देवाचा छोटा पत्रा. अहो कसला टाक! माझा दात होता तो! मी शेवंतीकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती खाली मान घालून उभी राहिली.

"फणी लावशील तर खबरदार," हौसाबाई म्हणाली. "कोप हुईल. मार्गशीर्षातल्या पुनवंला देवीला जायचं, परडी घ्यायची, मंगळवार-शुक्रवार पाच घरं जोगवा मागायचा. त्या जटंला मरंपातूर कातर लागायची न्हाई."

गुणाजी कारखान्यात मुकादमाशी भांडायचे, पण देवीचं नाव ऐकून गार पडले. "आपण कशाला देवाच्या वाटेला जायचं?" म्हणाले आणि मला स्टोव्हमागच्या फळीवर टाकलं. रॉकेलच्या बाटलीला टेकून मी पडले. माझ्या बारीक दातांत झुरळाने अंडी घातली.

पण खाली जे चाललं होतं ते त्याहून घाण होतं. रोज बायका यायच्या, गोळा चाचपायच्या, कडक लागलं की डोळे मिटून हात जोडायच्या. हळद लावायच्या, कुंकू लावायच्या. एकीने दूध ओतलं. एकीने नारळाचं पाणी ओतलं. ते सगळं आत जिरायचं आणि आंबायचं. उशीला मुंग्या लागल्या. उवा तर कपाळावर उतरून फिरायच्या. ज्या बायका वास आला म्हणून नाकाला पदर लावत होत्या, त्याच वाकून पाया पडत होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही "गोदूबाई, मान दुखते का?" असं विचारलं नाही. मान वळवता येत नव्हती तिला. ती बसून, भिंतीला कपाळ टेकून झोपायची. एकदाच गुणाजींना म्हणाली, "मला येणी घालायचीय ओ. मला परडी नगं." ते चपला घालून बाहेर गेले. पौर्णिमेला तेव्हा बारा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाईबाई कोळीण आली. ठाण्याच्या खाडीवरची ती, आठवड्यातून दोनदा मासळीची पाटी घेऊन चाळीत यायची.

"मांदेली हायत गो ताजी. देव का?"

"नगं गं. आता मासळी बंद केलीय."

"का गो? आनि मान का अशी वाकडी?"

गोदूबाईने पदर सरकवला. जाईबाईने पाटी उतरवली, हात धुतले, होय, तिने धुतले, आणि बोटांनी हळूहळू गोळ्याची कड शोधली.

"अगो बाय, यो गुंता हाय गुंता! आमच्या जाल्याला बी असाच होते. मधी हात घालाचा नाय, कडेशी धराचा. चार दिसांत सुटते, नाय तर आठ. बस खाली."

"कोप झाला तर?" गोदूबाईने विचारलं. "माझ्या घरावर आला तर?"

"माज्यावर येऊं दे. मी खाडीत जन्म काढलाय, मना काय होते? फनी कुठं हाय?"

शेवंती उठली. फळीवरून मला काढलं, न सांगता गरम पाण्यात घातलं, आणि दार लोटून घेतलं.

खरं सांगते, त्या हातांना बोंबलाचा वास होता आणि मी नाक मुरडलं. पण मला करणारा तो कारागीर आणि गोदूबाई सोडली तर इतकं जपून मला कोणी धरलं नव्हतं. खोबरेल जरा कोमट करायचं, गोळ्याच्या खालच्या टोकाला लावायचं, चार-पाच केस बोटांनी सुटे करायचे आणि मगच माझे मोठे दात, तेही बोटभर अंतरापुरते. दुखलं की थांबायचं. पुन्हा तेल. रोज दोन तास. ज्या दिवशी जाईबाईची फेरी नसे त्या दिवशीही ती ठाण्याहून यायची, आणि ती थकली की शेवंती बसायची. पाया पडायला आलेल्या बायकांना शेवंती "आत्या झोपल्यात" म्हणून दारातूनच परत पाठवायची.

आणि काय काय निघालं त्यातून! गजऱ्याचा दोरा. गंजलेला आकडा. उशीचा कापूस. पेजेची वाळलेली शितं. हळदीचे खडे. मेलेल्या उवांचे थर. मी प्रत्येक वेळी भरून जायचे, शेवंती मला धुवायची, मी पुन्हा भरायचे. आयुष्यात इतकी किळस मला कधी आली नाही आणि इतकं घाईघाईने कामही मी कधी केलं नाही. पौर्णिमेआधी पोचायचं होतं.

आठव्या दुपारी माझा दात निघाला. काळा, तेलकट, हळदीत माखलेला. शेवंतीच्या तळहातावर पडला तशी ती रडायला लागली.

"आत्या, मला ठावं होतं. माज्याच हातनं तुटला. हौसामावशी कोप म्हणाल्या आन्‌ मी भ्याले."

गोदूबाई तिला रागावली नाही. नुसती म्हणाली, "आता हळू विंचर, खालनं."

दहाव्या दिवशी सगळं सुटलं. खालचा हात-दीड हात केस मेलेला होता, तो कापावा लागला. शिकेकाईने न्हाऊन गोदूबाई पौर्णिमेच्या सकाळी गॅलरीत केस वाळवत बसली. कमरेपर्यंत होते, पांढरे, आणि शेंड्यांना तेल लावलेलं. गुणाजी कामावर न जाता कठड्याला टेकून उभे होते. हौसाबाई परडी आणि नारळ घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली.

"काय केलंस गं हे! टाक कुठाय?"

शेवंती पुढे आली, तिने दात तिच्या हातावर ठेवला आणि मला शेजारी धरलं. हौसाबाईने दात उचलून माझ्या खाचेशी लावला. बसला बरोबर. ती दात शेवंतीला देऊन, परडी काखेत मारून निघून गेली. चाळ कुजबुजली, पण देवीचा कोप काही झाला नाही.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी ती आली. जाईबाई होती, गोदूबाई होती. हौसाबाईने स्वतः दार लावलं, आमच्याकडे पाठ करून बसली आणि डोक्यावरचा पदर काढला. अठरा वर्षांत तो कोणी काढलेला पाहिला नव्हता. वास असा आला की जाईबाईनेही तोंड फिरवलं. मानेला जट घासून घासून जखम झाली होती.

"माज्यात बी बग गं," ती म्हणाली. "काय हाय आत."

जाईबाईने पुष्कळ चाचपलं. कड सापडेना. "हे सुटाचं नाय, बाय. कापावं लागंल."

"काप."

कात्रीला तासभर लागला. जट फरशीवर पडली तेव्हा लाकूड पडल्यासारखा आवाज झाला. गोदूबाईने ती उकलून पाहिली. आत काहीच नव्हतं, नुसते केस आणि माती. डोक्यावर दोन बोटं पांढरे केस उरले होते. गोदूबाईने जखमेला तेल लावलं आणि मला त्या केसांतून फिरवलं. एकदाच फिरवलं आणि विंचरून झालं.

"झालं?" हौसाबाईने विचारलं. मग मान डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे बघितली. "मला बाळंतपणात ताप आलेला. सासूनं कुणाला हात लावू दिला न्हाई. तवा मूठभर तर गुंता हुता गं. तवा कुनी तेल घेऊन बसलं असतं तर?"

मला त्या दिवशी किळस आली नाही. राग आला.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारी असेल, म्हातारं असेल, जिचे हात मागे पोचत नाहीत अशी आजी असेल, तर तेलाची वाटी घ्या आणि तिच्या पाठीमागे बसा. हात धुऊन. शेंड्यांपासून सुरुवात करा, दुखलं तर थांबा, पुन्हा तेल लावा. एका दिवसात नाही झालं तर उद्या बसा. मूठभर गुंता असतो तेव्हाच बसा. हौसाबाईच्या पाठीमागे अठरा वर्षं कोणी बसलं नाही. पाया पडायला मात्र अख्खी चाळ येत होती.